पोटापुरतं कमावता? मग परत जा!

समजा, तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि इंग्लंडमध्ये लीड्सला राहता. बाबा प्लंबिंगची कामं घेतात, आई एका ऑफिसात हिशेब बघते. नोव्हेंबर आहे, दुपारी चारलाच अंधारून आलंय आणि बाहेर तिथली ती पावसाची रिपरिप. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही सगळे फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला गेला होतात, त्याचे फोटो अजून फ्रीजवर चिकटवलेले आहेत. जेवताना बाबा एकदम म्हणतात, ‘आपण तिकडेच राहायला गेलो तर?’

तुम्ही काय म्हणाल? बारा वर्षांचं पोर काय म्हणणार! रोज ऊन, घरामागे स्विमिंग पूल, शाळेला पिवळी बस. हो म्हणणार. नाचत हो म्हणणार.

मग घर विकलं जातं. आजी एअरपोर्टवर रडते. आणि सहा महिन्यांनी तुमचे बाबा ऑर्लँडोजवळच्या किसिमी गावात एका छोट्याशा कंपनीचे मालक झालेले असतात. कंपनी काय करते? लोकांच्या घरामागचे स्विमिंग पूल साफ करते. दोन टेम्पो, तीन माणसं, क्लोरीनचे डबे. बाबा उन्हात रापलेत, पण खूश आहेत. स्वतःचा धंदा आहे ना!

हे कुटुंब आम्ही कल्पनेतलं घेतलंय, पण अशी कुटुंबं खरी आहेत. गेली कित्येक वर्षं ब्रिटनमधून माणसं अशीच उठून अमेरिकेत जाताहेत. आयटीवाले नाहीत, डॉक्टर नाहीत, पीएचडीवाले तर नाहीतच. प्लंबर, पोलिसातून निवृत्त झालेला शिपाई, केशकर्तन करणारी बाई, पबचा मॅनेजर. तिकडे जाऊन मोटेल चालवतात, कॅफे टाकतात, सुट्टीला येणाऱ्यांसाठी भाड्याच्या बंगल्यांची देखभाल करतात. ‘फॉरेनला सेटल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लॅपटॉप घेतलेला इंजिनीअर येतो. या मंडळींच्या हातात पाईप आणि ब्रश आहे. आज त्यांच्याबद्दल बोलू. खरं तर त्यांच्या मुलांबद्दल, म्हणजे तुमच्याच वयाच्या पोरांबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, ब्रिटिश माणसाला काय अवघड आहे? गोरा रंग, इंग्रजी भाषा, पासपोर्ट दाखवला की काम झालं. तसं नाहीये. पर्यटक म्हणून जायला त्याला अडचण नाही, राहायला मात्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटिशांना अक्षरशः बोलावून नेलं होतं. दहा पौंड भरा, बोटीत बसा आणि निदान दोन वर्षं तिथं राहा. त्या योजनेत दहा लाखांहून जास्त ब्रिटिश गेले. त्यांना ‘टेन पाउंड पॉम’ म्हणायचे. अमेरिकेने असं कधी कुणाला बोलावलं नाही. तिथं नागरिक असलेला जवळचा नातेवाईक हवा, नाहीतर नोकरी देणारी कंपनी हवी, नाहीतर मोठं शिक्षण हवं. लीड्सच्या प्लंबरकडे यातलं काही नसतं. त्याच्याकडे असतं एक घर, विकलं तर बऱ्यापैकी पैसे देणारं.

त्या पैशाने एक दार उघडतं. त्याचं नाव ई-२ व्हिसा.

या व्हिसाचं मूळ फार मजेशीर आहे. तो सगळ्या देशांना मिळत नाही. ज्या देशाचा अमेरिकेशी व्यापाराचा तसा करार आहे, त्याच देशाच्या नागरिकांना मिळतो. आणि ब्रिटनचा करार कधीचा? ३ जुलै १८१५ चा! नेपोलियन वॉटर्लूला हरून जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि इकडे पुण्यात दुसरा बाजीराव अजून गादीवर होता. त्या करारात एक कलम असं आहे की, अमेरिकेची जहाजं ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पूर्वेकडच्या चार बंदरांत व्यापार करू शकतील. कलकत्ता, मद्रास, पिनांग आणि मुंबई. म्हणजे आपल्या मुंबईचं नाव त्या कागदावर आहे. पण त्याच कागदाच्या जोरावर आज लीड्सचा प्लंबर अमेरिकेत दुकान टाकू शकतो आणि मुंबईचा प्लंबर टाकू शकत नाही. कारण स्वतंत्र भारताचा अमेरिकेशी असा करारच नाही. पाकिस्तानचा आहे, बांगलादेशाचा आहे, श्रीलंकेचाही आहे. आपला नाही.

बरं, व्हिसा मिळतो कसा? किती पैसे लावायचे याचा आकडा कायद्यात कुठेच नाही. ‘भरीव’ गुंतवणूक हवी, एवढंच. धंदा छोटा असेल तर त्याच्या किमतीचा बराचसा भाग तुम्हीच घातलेला असला पाहिजे. वकील मंडळी साधारण एक लाख डॉलरच्या आसपास बोलतात, पण ती त्यांची अटकळ. धंद्यात निम्मी तरी मालकी तुमची हवी. आणि पैसे नुसते बँकेत ठेवून चालत नाही. ते बुडू शकतील अशा रीतीने लावलेले असावे लागतात. म्हणजे गंमत बघा, आधी धंदा विकत घ्यायचा आणि मग लंडनच्या अमेरिकी वकिलातीत जाऊन ‘आता येऊ का?’ विचारायचं. थोडी सोय एवढीच की पैसे तिऱ्हाइताकडे अडकवून ठेवता येतात आणि व्हिसा मिळाला तरच सौदा पुरा, अशी अट घालता येते. ही अट न घालता घाईत सही करणारा गेलाच म्हणून समजा.

व्हिसा पाच वर्षांपर्यंतचा मिळतो. पण एकदा आत शिरलं की मुक्काम दोन वर्षांचा. मग मुदत वाढवून घ्या, नाहीतर देशाबाहेर जाऊन परत या. असं किती वेळा करायचं? कितीही वेळा. जन्मभर. या व्हिसातून ग्रीन कार्डाकडे सरळ रस्ता नाही. वीस वर्षं टॅक्स भरा, दहा अमेरिकनांना नोकऱ्या द्या, तरी तुम्ही पाहुणेच.

आणि आता तो शब्द, ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला. नियमात त्याला ‘मार्जिनल’ म्हणतात. मराठीत सांगायचं तर ‘पोटापुरता’. तुमचा धंदा पोटापुरता असून चालत नाही. मालकाचं आणि त्याच्या घरच्यांचं जेमतेम भागेल, त्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त कमाई त्यातून व्हायला हवी, किंवा थोड्या वर्षांत होईल असं तरी दिसायला हवं. तिथल्या लोकांना काम मिळतंय हे दाखवता आलं तर उत्तम. नाहीतर व्हिसा वाढवताना साहेब म्हणू शकतो की, हा धंदा फक्त तुम्हालाच पोसतोय. नामंजूर.

आपल्याकडे ‘पोटापुरतं मिळतंय, बरं चाललंय’ हे समाधानाचं वाक्य आहे. कोपऱ्यावरचा किराणावाला हेच सांगतो, रिक्षावाले काका हेच सांगतात. ई-२ वर गेलेल्या कुटुंबासाठी हेच वाक्य म्हणजे घरी जायची नोटीस. कुणाचं देणं बुडवलेलं नाही, कुणापुढे हात पसरलेला नाही. फक्त गल्ल्यात पुरेसे पैसे नाहीत.

आणि गल्ला काही नेहमी मालकाच्या हातात नसतो. २००७ च्या नोव्हेंबरात एका पौंडाला दोन डॉलरहून जास्त मिळत होते. लीड्सचं घर विकून हातात दोन लाख पौंड आले, तर फ्लोरिडात त्याचे चार लाख डॉलर व्हायचे. भारीच की! त्या काळात ज्यांनी हिशेब केला, त्यांना अमेरिका अर्ध्या किमतीत मिळतेय असंच वाटलं असणार. मग सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. २००९ उजाडलं तेव्हा त्याच दोन लाख पौंडांचे तीन लाखही डॉलर होत नव्हते. फ्लोरिडातल्या घरांच्या किमती कोसळल्या, कित्येक ठिकाणी निम्म्यावर आल्या.

यात ब्रिटिश कुटुंबांचं एक खास दुखणं होतं. त्यांचं गिऱ्हाईकच मुळी ब्रिटिश. ऑर्लँडोच्या आसपास ब्रिटिशांनी सुट्टीसाठी घेतलेले बंगले, त्यात उतरणारे ब्रिटिश पर्यटक, त्यांना लागणारा इंग्लिश नाश्ता आणि पब. हे सगळं चक्र पौंडावर फिरणारं. पौंड पडला, पर्यटकांना फ्लोरिडा महाग झालं. बंगले रिकामे राहिले, मालकांनी ते विकायला काढले. मग पूल साफ कुणाचे करायचे? बाबांच्या दोन टेम्पोंतला एक विकला गेला, तीन माणसांतली दोन कमी केली. आणि नेमकं त्याच वर्षी व्हिसाचं नूतनीकरण. हिशेबाच्या वह्या घेऊन साहेबासमोर जायचं आणि त्याने विचारायचं, ‘तुमच्याकडे एकच अमेरिकन कामाला?’ मंदी सगळ्या जगाला आली होती, पण शेजारचा अमेरिकन दुकानदार बुडाला तर फक्त दुकानातून बाहेर पडत होता. ब्रिटिश बुडाला तर देशातून. बाबांना दुसरीकडे नोकरीही धरता येत नाही, कारण हा व्हिसा त्यांना त्याच एका धंद्यात काम करू देतो. नवरा-बायकोतल्या दुसऱ्याला मात्र कुठेही नोकरी करायची मुभा आहे. म्हणून अनेक घरांत एक जण दुकान सांभाळतो आणि दुसरा नोकरी करतो, मुख्यतः त्या नोकरीबरोबर येणाऱ्या आरोग्य विम्यासाठी. ब्रिटनमध्ये दवाखान्यात बिल नावाची गोष्ट माहीत नसलेल्या माणसांना हा पहिला झटका असतो.

पण आईबाबा मोठे आहेत. वकील गाठून, सगळ्या अटी वाचून, सही करून ते गेलेत. जोखीम त्यांनी घेतली, ते निस्तरतील. आमचं भांडण त्यांच्या बाजूने नाहीच. बारा वर्षांच्या तुमच्या बाजूने आहे. तुम्ही कुठे सही केली होती?

तर आता तुम्ही सोळा वर्षांचे झालात. तुमचा लीड्सचा हेल जाऊन अमेरिकन हेल आलाय. वर्गातले मित्र उन्हाळ्यात आईस्क्रीमच्या दुकानात, सुपरमार्केटात काम करून स्वतःच्या पेट्रोलचे पैसे काढतात. तुम्हाला ते करता येत नाही. मुलांना या व्हिसावर कुठेही पगारी काम करायला बंदी आहे. अगदी बाबांच्या स्वतःच्या कंपनीतसुद्धा! ज्या धंद्यासाठी सगळं घर देश सोडून आलं, त्या धंद्यात घरच्या पोराला पगार घेता येत नाही. मित्र विचारतात, ‘तू का नाही येत?’ मग तुम्ही काहीतरी थाप मारता. कंटाळा येतो, म्हणता.

अठराचे झालात. कॉलेज. सरकारी शैक्षणिक मदत आणि कर्ज तुमच्यासाठी नाही. फी कुठली लावायची, तिथल्या मुलांची की परदेशी मुलांची, हे राज्या-राज्यावर आणि कॉलेजा-कॉलेजावर.

आणि मग एकविसावा वाढदिवस. अमेरिकेत तो फार मोठा असतो, कारण तिथं कायद्याने दारू प्यायचं वय एकवीस आहे. मित्रांची रात्रभर धमाल चालते. त्याच दिवशी कायद्याच्या नजरेत तुम्ही आईबाबांचं ‘मूल’ राहत नाही आणि त्यांच्या व्हिसावरचा तुमचा हक्क संपतो. धंदा जोरात चाललेला असला तरी! आईबाबा राहू शकतात, धाकटी बहीण राहू शकते, तुम्ही नाही. तुम्हाला स्वतःचा व्हिसा शोधायचा किंवा देश सोडायचा.

बहुतेक मुलं विद्यार्थी व्हिसा घेतात. त्यासाठी सिद्ध काय करावं लागतं? की माझं घर परदेशात आहे आणि शिक्षण संपल्यावर मी तिकडे परत जाणार आहे. जो नऊ वर्षं इथंच वाढला, ज्याची शाळा, गाडी, मैत्रीण, दातांचा डॉक्टर सगळं इथं, त्याने शपथेवर सांगायचं की माझं घर दुसरीकडे आहे. पुढे नोकरीसाठी एच-१बीची लॉटरी, जी आपल्याकडच्या घराघरांत ठाऊक आहे. आणि वैतागून इंग्लंडला परत गेलं, तर तिथल्या विद्यापीठात स्थानिक फी मिळायला आधीची तीन वर्षं तिथं राहिलेलं असावं लागतं. ती तर फ्लोरिडात गेली. म्हणजे पासपोर्ट ब्रिटिश, फी परदेशी. हा कुठला न्याय?

अशा मुलांना आता अमेरिकेत एक नाव मिळालंय, ‘डॉक्युमेंटेड ड्रीमर्स’. कागदपत्रं असलेले स्वप्नाळू. २०१२ मध्ये ओबामांच्या सरकारने लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांना थोडं संरक्षण दिलं. चांगलंच केलं. पण त्याची एक अट होती की, तुमच्याकडे त्या वेळी कायदेशीर दर्जा नसावा. म्हणजे ज्यांच्या आईबाबांनी सगळे नियम पाळले, ती मुलं बाहेर. त्यांच्यासाठी लढणाऱ्या ‘इम्प्रूव्ह द ड्रीम’ या संघटनेची सुरुवात केली दीप पटेल नावाच्या तरुणाने. तोही याच ई-२ व्हिसावरचा मुलगा, शाळकरी वयात कॅनडामार्गे आलेला, आईवडील छोटे व्यावसायिक. अशी किमान दोन लाख मुलं असल्याचा अंदाज आहे. लहानपणापासून कायदेशीरपणे वाढलेल्या मुलांना कायमचं राहू द्या, असं विधेयक २०२१ मध्ये अमेरिकेच्या संसदेत आलं. पास झालं नाही. २०२३ मध्ये पुन्हा आलं. तेव्हाही नाही.

पटेल म्हटल्यावर मोटेल आठवणारच. तिथंही एक ब्रिटिश धागा आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकललं. ब्रिटिश पासपोर्टवाले हजारो गुजराती इंग्लंडला आले आणि त्यातले काही पुढे अमेरिकेत गेले. हायवेवरचं पडकं मोटेल घ्यायचं, काउंटरच्या मागच्या खोलीत राहायचं, चादरी घरच्यांनीच बदलायच्या. मीरा नायर यांचा ‘मिसिसिपी मसाला’ बघा, त्यातलं कुटुंब युगांडातून इंग्लंडमार्गे असंच मोटेलवर येऊन पडलेलं आहे. आज अमेरिकेतली निम्म्याहून जास्त हॉटेलं भारतीय वंशाच्या मालकांची आहेत. त्यांची मुलं ती चालवतात कारण ती मुलं तिथं राहू शकली. १९६५ च्या कायद्याने एक भाऊ अमेरिकेचा नागरिक झाला की तो दुसऱ्यासाठी अर्ज करू शकत होता. आजच्या ई-२ वाल्याचं मोटेल कितीही झकास चालो, पोराला वारसा द्यायचा तर आधी त्याला देशात ठेवायचं कसं, हा प्रश्न आहे.

अमेरिकेची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, आम्ही कुणाला फसवलं नाही. व्हिसा तात्पुरता आहे हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे. मोठ्यांच्या बाबतीत हे म्हणणं आम्हाला पटतं. पण तात्पुरतेपणा म्हणजे किती? दोन वर्षं तात्पुरती असतात, पाचही असतील. बाराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंतची वर्षं कुणाचीच तात्पुरती नसतात. तुमचीही नाहीत. त्या वर्षांत माणूस घडतो, आणि जिथं घडला तिथला तो होतो. त्याने तिथं राहावं की नाही हे वडिलांच्या दुकानाच्या ताळेबंदावर किंवा वाढदिवसाच्या तारखेवर ठरू नये. अमेरिकेने ते विधेयक पास करावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही विचाराल, ब्रिटिशांच्या पोरांचं आम्हाला काय? दोन गोष्टी. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात एच-१बीवर गेलेल्या मराठी घरांतली मुलंही याच एकविसाव्या वाढदिवसाला घाबरून आहेत, कारण भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब की ती संपेपर्यंत मूल मूल राहत नाही. तुमचा एखादा मामेभाऊ तिकडे असेल तर त्याला फोन करून विचारा.

आणि दुसरी, जास्त जवळची. हा ई-२ भारतीयांना मिळत नाही म्हटल्यावर त्याला वळसा घालून देणारे लोक आहेतच. पैसे भरून ग्रेनाडा या छोट्या बेटाचं नागरिकत्व घ्या, त्या बेटाचा अमेरिकेशी करार आहे, मग त्या पासपोर्टवर ई-२ काढा, असा हा मार्ग. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने त्यावर अट घातली की, विकत घेतलेलं नागरिकत्व असेल तर आधी तीन वर्षं त्या देशात राहिलेलं असलं पाहिजे. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे आपला पासपोर्ट सोडायचा. घरी बाबा असल्या एखाद्या एजंटचं माहितीपत्रक घेऊन आले, तर गुंतवणूक किती आणि परतावा किती हे ते विचारतीलच. तुम्ही शेजारी बसा आणि तीन गोष्टी विचारा. दुकान पोटापुरतंच चाललं तर काय? या व्हिसावर मला काम करता येईल का? आणि मी एकवीस वर्षांचा झालो की दुसऱ्या दिवशी कुठे राहू?